दांडा नसलेल्या गाडीची ट्रायल

आमच्या घरी गाडी नव्हती, पण लहानपणी एकही रविवार आम्ही घरात बसून काढला नाही. गल्लीतली माणसं आम्हाला छुपे श्रीमंत समजत असतील तर त्यात त्यांची काही चूक नव्हती. एका रविवारी आम्ही डॉक्टरांच्या काळ्या मोटारीतून पन्हाळ्याला निघालेले दिसायचो, पुढच्या रविवारी कुण्या बागायतदाराच्या जीपमधून, त्याच्या पुढच्या रविवारी दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या जागी सतरंजी अंथरून. गाड्या लोकांच्या, डिझेल लोकांचं. पन्हाळ्यावर खायच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी आईच्या हातची.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे आमचं घर. गॅरेजमध्ये सगळ्या दुखण्यांवर औषध मिळायचं नाही. इंजिन बिघडलेली गाडी आली की अण्णा तिच्याकडे बघायचेही नाहीत, नुसतं "पलीकडं जावा, पावणं" म्हणायचे. ते फक्त स्टिअरिंगचं काम करायचे. जीप असो, ट्रक असो, नाहीतर उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असो, हातातल्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंतचं जे काय आहे ते अण्णांचं. त्यातही त्यांचं खरं वैर एकाच गोष्टीशी होतं, प्लेशी. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत, ती मधली जी ढिलाई, तिला प्ले म्हणतात. जुन्या ट्रकला तो इतका असायचा की ड्रायव्हर आधी चाक फिरवायचा, मग तंबाखू मळायचा आणि मग ट्रक वळायचा. हे अण्णांचं वर्णन. ते सांगताना ते स्वतः कधी हसायचे नाहीत.

तर गाडी दुरुस्त झाली की तिची ट्रायल व्हायची, आणि ट्रायलला घरची माणसं बसवायची हा अण्णांचा नियम होता. "ज्या गाडीत माझी पोरं बसत न्हाईत, ती गाडी गिऱ्हाइकाला द्यायची न्हाय," असं ते सरळ गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. आठवडाभरातलं सगळ्यात अवघड काम रविवारसाठी राखून ठेवलेलं असायचं. आई, मी आणि धाकटा भाऊ मागे, अण्णा चाकावर, आणि गाडी शिवाजी पुलावरून, केर्लीवरून, वाघबीळचा घाट चढून वर. आम्ही जैन, आणि आई दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारी, म्हणून पाचच्या ठोक्याला परतायचंच. गॅरेजच्या दारात गाडी थांबली की अण्णा उतरायचे, बॉनेटवर एक थाप मारायचे आणि आत काम करणाऱ्या कारागिराला ओरडून सांगायचे, "सोड!" सोड म्हटलं की गाडी गिऱ्हाइकाकडे जायची. काहीच न बोलता हात धुवायला गेले की समजायचं, गाडी पुन्हा जॅकवर.

एका रविवारी ट्रायलला शहरातली शववाहिका होती. आईनं एक शब्द न बोलता भाकऱ्या बांधल्या आणि आम्हाला घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसली. केर्लीच्या बाजारात माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून टोप्या काढत होती, हात जोडत होती, आणि माझा भाऊ खिडकीतून त्यांना टाटा करत होता. एका म्हातारीनं ते बघितलं आणि ती मटकन खालीच बसली. त्यानंतर भावाला खिडकीची जागा बरेच दिवस मिळाली नाही.

घाट चढण्याआधी वाघबीळला गाडी थांबवून एकदा प्ले बघायचा, हाही नेम होता. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून चाक हलवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली पोत्यावर उताणं होऊन, सांध्यावर हात ठेवून, तो किती उशिरा हलतो ते बघायचं. खाली अण्णा आणि वर आई. खालून आवाज यायचा, "हलव." मग थोड्या वेळानं, "बास." आईला गाडी चालवता येत नाही, पण किती हलवायचं हे तिच्याइतकं नेमकं गॅरेजमधल्या कारागिरांनाही जमायचं नाही. माझे आईवडील चाळीस वर्षं एकमेकांशी मुख्यतः या दोन शब्दांत बोलले, असं मी म्हटलं की आई अजून माझ्यावर डोळे वटारते.

स्वतः चाकावर नसले की अण्णांची अवस्था बघण्यासारखी व्हायची. एस्टीत, रिक्षात, कुणाच्याही गाडीत त्यांचा उजवा हात गुडघ्यावर असायचा आणि वळण आलं की तो हात गुडघ्यावरच वळायचा. ब्रेकच्या जागी पाय दाबायचे. माझ्या लग्नाला पुण्याला जाताना अख्खं वऱ्हाड माना टाकून घोरत होतं आणि अण्णा चौथ्या बाकावरून बस चालवत होते. चालत्या गाडीत डोळा लागलेला माणूस त्यांना बेजबाबदार वाटायचा.

मी इंजिनिअर झाले आणि शिरले तीही स्टिअरिंगमध्येच. रक्तातच आहे, असं लोक म्हणतात. मला वाटतं, लहानपणी इतकं डिझेल हुंगलं की दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पुण्याच्या बाजूला एका कंपनीत मी आता ज्या गाडीवर काम करते, तिच्या हातातल्या चाकाचा आणि रस्त्यावरच्या चाकांचा काही संबंधच नाही. म्हणजे लोखंडाचा संबंध नाही. हातातलं चाक किती फिरलं ते एक सेन्सर मोजतो, वायरीतून तसा निरोप पुढे जातो आणि पुढची मोटर चाकं वळवते. हे मी पहिल्यांदा अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चौकशी केली ती दोन्ही चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याची.

"दांडाच न्हाय?"

"नाही."

"मग रस्त्याचं हाताला कसं कळायचं?"

"चाकाच्या मागे दुसरी एक मोटर असते. ती हाताला जोर देते. रस्ता कसा आहे ते ती सांगते."

"आणि किती सांगायचं ते कोण ठरवतं?"

"मी," मी म्हणाले. खरंच तेच माझं काम आहे. खड्ड्याचा दणका हाताला किती द्यायचा, वळणात चाक किती जड करायचं, सरळ रस्त्यावर किती घट्ट ठेवायचं, हे सगळं आकड्यांत बसवायचं. त्याला आम्ही फील म्हणतो.

"म्हणजे गाडीनं माणसाला काय सांगायचं ते तू ठरवणार," अण्णा म्हणाले, "आणि काय लपवायचं ते बी." मी हसले. ते हसले की नाही, फोनवर कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचे हात थरथरायला लागले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्कूटरची चावी आईच्या हातात दिली आणि गॅरेजचं शटर ओढलं. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत.

गेल्या जानेवारीत आमची गाडी शेवटच्या टप्प्यावर आली. बाजारात आणायच्या आधी कंपनीनं आम्हा काही जणांना एकेक गाडी वापरायला दिली. घरच्यांना घेऊन हिंडा, बाजारहाट करा, गावी जा आणि मग काय ते लिहून द्या. फीलच्या कागदावर सही माझी होणार होती. ती झाली की आकडे कायमचे बसले. मी जग फिरून आलेल्या तज्ज्ञांना ही गाडी दाखवली होती, त्यांनी माना डोलावल्या होत्या, तरी मला सही करायच्या आधी आणखी एक गोष्ट हवी होती. मला अण्णांचं "सोड" हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही, पण हवं होतं, आणि त्यासाठी मी गाडी घेऊन कोल्हापूरला आले.

शुक्रवारी दुपारी पोचले तेव्हा अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायानं ढोसलं आणि आत गेले. शनिवारी सकाळी मी आंघोळ करून केस पुसत होते, तर बाहेरून आईचा चढलेला आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. गाडीच्या खालून अण्णांचे दोन पाय बाहेर आले होते, खाली जुनं पोतं, आणि आई पदर खोचून माझ्या जागेवर बसली होती. टेबलावरची चावी तिनंच नेली असणार.

"हलव."

"हलवायलेय की."

"हलव की ग!"

"अवो, हलवायलेय म्हंते की! आता काय उपटून देऊ तुमास्नी?"

"तू तिकडं काय करालीस कुणास ठाऊक. हितं चाक मढ्यागत पडलंय."

तोवर गल्लीतली चार माणसं जमली होती. पलीकडच्या लेथवाल्या काकांनी वाकून विचारलं, "अण्णा, किती हाय प्ले?"

खालून उत्तर आलं, "प्ले? समदा प्लेच हाय! स्टिअरिंगच न्हाय ह्याला!"

मी ओल्या केसांनीच धावले. त्या गाडीचं असं असतं की ती बंद असताना हातातलं चाक नुसतं मोकळं फिरतं, निरोप न्यायला आत कुणी जागं नसतं. पण चाळीस वर्षं गाडी बंद ठेवून, खाली हात घालून प्ले बघणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मी अण्णांना हाताला धरून बाहेर काढलं, त्यांची पाठ झटकली, त्यांना चार पावलं लांब उभं केलं आणि गाडी सुरू केली.

"आता हलव आई. अगदी जरासं."

आईनं हलवलं. तिचं ते जरासं म्हणजे सुताएवढं. पुढची दोन्ही चाकं त्याच क्षणी वळली, आणि चांगली वळली, कारण उभ्या गाडीत थोड्याशा फिरवण्यानं चाकं जास्त वळावीत असंच आम्ही बसवलं आहे. लेथवाले काका मागे सरकले. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

"परत."

आईनं परत हलवलं.

"दुसऱ्या बाजूला."

दहा-बारा वेळा तरी झालं असेल. अण्णा चाकाकडे बघत होते, मग आईच्या हाताकडे, मग पुन्हा चाकाकडे. जो प्ले काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तो या गाडीला नावालाही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं आणि त्याच वेळी कुणीतरी हातातलं ताट काढून घेतल्यासारखं काहीतरी होतं. मला एकदम वाईट वाटलं.

मग त्यांनी मला बाजेवर बसवून चौकशी केली. वायर तुटली तर? वायरी दोन आहेत, दोन वेगळ्या वाटांनी जातात. मोटर गेली तर? तिचे दोन भाग आहेत, एक गेला तर दुसरा सांभाळतो. बॅटरी? वीज दोन ठिकाणांहून येते. आतला कॉम्प्युटर? तेही दोन, एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक बिघडला की दुसरा लगेच ताबा घेतो आणि गाडी कडेला घ्या म्हणून बोंब मारतो. मी तयारीच करून आले होते. तज्ज्ञांसमोर बोलताना मला घाम आला नव्हता, तो आईवडिलांच्या अंगणात आला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा दांडा एकच असायचा. तुटला की तुटला. हे बरं हाय." एवढं प्रमाणपत्र मला पुरेसं होतं. मी उड्या मारायचीच बाकी होते.

"मग चला की," मी म्हणाले, "आत्ताच ट्रायल घेऊ. आई, भाकऱ्या बांध."

अण्णा उठले नाहीत. "पोरगी कुठाय?"

माझी मुलगी तेरा वर्षांची. "संध्याकाळी येईल की. शेजारची मंडळी कोल्हापूरला यायची होती, त्यांच्याबरोबर एस्टीनं येतेय."

"गाडी हितं आणि पोरगी एस्टीत?"

"अहो अण्णा, तिची आज सकाळची शाळा होती."

"कवा सुटती?"

"साडेदहाला."

"मग तू तिला घेऊन साडेदहाला निघायचीस," अण्णा म्हणाले, आणि पोतं झटकून घडी घालून आत घेऊन गेले. "ती आली की उद्या बघू."

मला राग आला. इतका की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आई भाकऱ्या थापत होती. मी म्हणाले, मी ही गाडी ट्रॅकवर पावसात चालवलीय, बर्फ पडणाऱ्या देशात जाऊन चालवलीय, मुद्दाम एकेक वायर काढून चालवलीय, आणि हे मला एस्टीवरून बोलतात. आई म्हणाली, "मग तिकीट का काढलंस?" तिनं ते अगदी सहज विचारलं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता. शेजारच्या वहिनी जाणार आहेत म्हणाल्या आणि मी लगेच मोबाइल काढून मुलीचं तिकीट काढलं होतं. कंपनीची परवानगी होती, नवऱ्यानं हरकत घेतली नव्हती, मुलगी तर नव्या गाडीत बसायला नाचत होती. मी विचारच केला नव्हता. तिला त्या गाडीत बसवायचं नाही हे माझं मलाच न सांगता मी ठरवून टाकलं होतं, आणि ते अण्णांनी एका मिनिटात बाहेर काढलं. त्या संध्याकाळी एस्टी स्टँडवर मी मुलीला आणायला गेले ती रिक्षानं.

रविवारी सकाळी निघालो. आई आणि मुलगी मागे, अण्णा माझ्या शेजारी. मी बेल्ट लावायला सांगितल्यावर त्यांनी, "आमच्या जीपला दारं बी नसायची," एवढं बोलून लावला. गाडी गल्लीतून बाहेर पडताना एका हातगाडीपाशी मला कोपऱ्यावर पुरतं वळायचं होतं, तर मी चाकावरचे हात न उचलता वळले. "अख्खा एक फेरा लागायचा हितं," अण्णा पुटपुटले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि सवयीनं वळायला निघाला होता, तो माझ्यापेक्षा किती तरी जास्त फिरला. मागं माझी मुलगी फिसकन हसली.

ते रस्त्याकडे बघतच नव्हते. मी दोनदा तिरक्या नजरेनं पाहिलं, ते माझ्या हातांकडे बघत होते.

शिवाजी पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना नदीकाठची उसाची शेतं. कारखाने सुरू होते, ट्रॉल्यांची रांग लागली होती. भिजलेल्या रानातून ऊस भरून बाहेर पडणारी प्रत्येक ट्रॉली चाकांना चिकटलेला काळा चिखल डांबरावर आणून टाकते, वरून पाचट पडतं, आणि त्याचा सारवल्यासारखा गुळगुळीत थर होतो. मी लहानपणापासून तो रस्ता बघत आलेय. तरी त्या दिवशी एका ट्रॉलीच्या मागून बाहेर पडताना मी त्या चिखलावर जरा जास्तच वेगात गेले. गाडीचं नाक वीतभर बाहेर सरकलं. वीतभरच. गाडीनं स्वतःच सावरलं, मागं बसलेल्या दोघींना काही कळलंही नाही, मुलगी आजीला मोबाइलमध्ये काहीतरी दाखवत होती. गाडी सरकली हे मी मात्र डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या हातांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"घे कडंला," अण्णा म्हणाले.

मी गाडी एका गुऱ्हाळाच्या दारात घेतली. आई आणि मुलगी काकवी बघायला उतरल्या. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

"चिखल लागला तवा हाताला काय कळलं?"

"काही नाही."

"कळाय पायजे हुतं. चिखलावर चाक हातात हलकं हुतंय. लोण्यागत."

"ते मीच काढलं," मी म्हणाले. आम्ही चालवून बघायला बोलावलेल्या लोकांची तक्रार होती. ओल्या रस्त्यावर चाक हातात एकदम हलकं पडलं की त्यांना भीती वाटायची. चढ्या किमतीच्या गाडीत भीती वाटू नये, म्हणून मी आकडे बदलून तो हलकेपणा पुसून टाकला होता. चिखल असो, डांबर असो, चाक हातात तेवढंच घट्ट. सगळ्यांना ते फार आवडलं होतं. मलाही.

"हाताला भ्या वाटतंय म्हणून भ्याच काढून टाकलंस व्हय?"

मी गाडी बंद केली.

मग अण्णा जे बोलले ते त्यांनी आमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. "एकट्यानं ट्रायल घेतली की माझा हात खोटं बोलायचा. काम आपणच केलेलं, मग आपल्याला ते बरंच वाटतंय. थोडा आवाज आला तरी हात म्हणायचा, चालतंय. पर तुम्ही मागं बसलासा की अंगातलं समदं जागं व्हायचं. बारीक काय बी कळायचं. गिऱ्हाइकाला दाखवायला न्हवतो बसवत तुम्हाला. माझ्या हातासाठी बसवायचो."

मी इतकी वर्षं त्याला सहल समजत होते. शेंगदाण्याची चटणी, वाघबीळचा वारा, भावाचा टाटा. आणि चाकावर बसलेला माणूस मात्र पूर्ण वेळ भीत भीत गाडी चालवत होता, मागे आम्ही होतो म्हणून, आणि कुणा अनोळखी माणसाच्या पोरांसाठी, जी सोमवारपासून त्या गाडीत बसणार होती. माझे डोळे भरून आले. अण्णांना रडणं आवडत नाही, म्हणून मी काकवी आणायला उतरले.

पुढे आम्ही पन्हाळ्यावर गेलो, जेवलो, मुलीनं तटावर उभं राहून शंभर फोटो काढले आणि पाचला परत आलो. गॅरेजच्या बंद शटरपुढे गाडी थांबली. अण्णा उतरले. बॉनेटवर त्यांचा हात जाईल म्हणून मी वाट बघत होते. ते काही न बोलता हात धुवायला गेले.

आई म्हणाली, "जॅकवर." मुलीला काही कळेना, की आपली आई नापास होऊन एवढी हसतेय कशाला. अण्णांनी माझ्या गाडीला दुसऱ्या कुठल्याही जीपसारखंच वागवलं होतं. लेकीची म्हणून सूट दिली नव्हती, दांडा नाही म्हणून वाळीतही टाकलं नव्हतं.

पुण्याला परतताना मुलगी माझ्या शेजारी बसून आली. पाय डॅशबोर्डवर टाकून. मी तिला कराडपर्यंत चार वेळा ओरडले.

त्यानंतर ऑफिसात भांडण झालं. मी आकडे पुन्हा उघडायला घेतले तेव्हा माझे साहेब म्हणाले की लोकांना आवडलेली गोष्ट आपण कशाला मोडायची, गिऱ्हाईक दचकेल. "दचकू दे," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण मी ते मराठीत आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं होतं. खड्ड्यांचे दणके मी वगळलेलेच ठेवले, म्हाताऱ्या मनगटांना ते कशाला? पण चाकाखालची पकड सुटायला लागली की हातातलं चाक हलकं पडलं पाहिजे, वेळेत पडलं पाहिजे, एवढं मी परत बसवलं. ट्रॅकवर पाणी मारून, साबण ओतून, आठ दिवस तेच केलं. सहीची मुदत जवळ आली होती. मी साहेबांकडून एक रविवार मागून घेतला.

या वेळी मुलीनं पुढची जागा सोडायला साफ नकार दिला. अण्णा निमूटपणे मागे आईशेजारी बसले. पूल ओलांडला, शेतं सुरू झाली. कारखाने अजून चालू होते आणि रस्ता तसाच काळा, चिकट. मी मुद्दाम हळू होते. पहिला थर चाकाखाली आला आणि माझ्या तळहातातलं चाक मऊ झालं, अगदी अण्णा म्हणाले होते तसं, लोण्यागत. पाय आपोआप उचलला गेला. गाडी सरकलीच नाही, सरकायची वेळच आली नाही. शेजारी मुलगी बसली होती आणि माझ्या हातांना सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, कळलं!" मी ओरडले. "हाताला कळलं!"

मागून उत्तर आलं नाही. मला वाटलं, झालं, आता काय खोट काढतात. मी आरशात बघितलं तर आईनं ओठांवर बोट ठेवलेलं.

"हळू बोल," ती कुजबुजली. "झोपलंय ते."

अण्णांची मान आईच्या खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं. उजवा हात गुडघ्यावर होता, पण उताणा, बोटं सैल. पुढं वाघबीळचं पहिलं वळण आलं, मी गाडी वळवली, दुसरं वळण आलं, तिसरं आलं. तो हात हलला नाही. माझ्या उभ्या जन्मात मी माझ्या वडिलांना चालत्या गाडीत झोपलेलं बघितलं नव्हतं. मी तो सगळा घाट इतक्या हळू चढले की मागून एक ट्रॉलीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

पन्हाळ्यावर दार उघडल्याच्या आवाजानं अण्णा जागे झाले, गडबडले आणि खाली वाकून चपला शोधायला लागले. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"काय अण्णा, मग? सोड म्हणताय का?"

त्यांना एकच चप्पल सापडली होती. ती पायात सारत, मान वर न करता ते म्हणाले, "आणि काय म्हणायचं ऱ्हायलंय? झोपलो न्हवं का मी."